शिवण बघा, शिवण!

अण्णांच्या हातात घोडेस्वारीची कुठलीही वस्तू द्या, ते ती आधी उलटी करतात. विजार असली तर आतली बाजू बाहेर काढतात, बूट असला तर टाच वर करून उजेडात धरतात, हातमोजा असला तर एकेक बोट उलटवून बघतात. दुकानदार बिचारा 'सर, जर्मन कंपनी आहे, फॉरेनला हेच चालतं' असं काहीबाही सांगत असतो. अण्णांचं तिकडे लक्ष नसतं. त्यांचा अंगठा शिवणीवरून सावकाश सरकत असतो. मग शिवणीच्या दोन्ही बाजू धरून एक हिसका. फटीतून टाका दिसला रे दिसला, की वस्तू परत काउंटरवर. "मला काय लेबलावर बसायचंय का? शिवण बघा, शिवण!"

घोडेस्वारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एक तर फेटेवाले सरदार येतात, नाही तर रेसकोर्सवरची दुर्बीणवाली मंडळी. या दोघांच्या मधे एक तिसरी जमात आहे हे कुणाच्या गावीही नसतं. रविवारी पहाटे स्कूटरच्या हुकाला पिशवी अडकवून शहराबाहेर जायचं, तासाचे पैसे भरून क्लबाच्या घोड्यावर बसायचं आणि साडेनऊला घरी येऊन पोहे खायचे, अशी ही मध्यमवर्गीय घोडेस्वारांची जमात. पुण्याच्या आसपास ती बऱ्यापैकी आहे, आणि प्रत्येक क्लबात एकेक अण्णा असतातच. आमच्याकडचे अण्णा पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळून निवृत्त झाले. तीन कोटेशनं आल्याशिवाय यांच्या घरात साधा पंखासुद्धा आलेला नाही. पन्नाशी उलटल्यावर त्यांना घोड्यावर बसावंसं का वाटलं, ते त्यांनाही सांगता येत नाही. पण बसले, आणि बसल्याबसल्या त्यांच्यातला स्टोअरकीपर पुन्हा कामाला लागला.

स्वतःचा घोडा नाही. बाकी सगळं आहे. गॅलरीत दोरीवर ब्रीचेस, म्हणजे घोडेस्वारीच्या विजारी, वाळत असतात, कपाटाच्या दाराला तंग लोंबत असतो, दिवाणाखालच्या ट्रंकेत नमदा, खरारा, पट्टे, बकलं. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "एक नाल सापडली म्हणून घोडा घ्यायला निघणारे ऐकले होते. आमच्याकडे पागा तयार आहे, फक्त घोडं तेवढं राहिलंय."

अण्णांचं शिवणप्रेम कळायला हवं असेल, तर साधी जीनची पँट घालून एकदा घोड्यावर बसा. जीनच्या पायाला आतल्या अंगाने जाड, दुमडलेली शिवण असते. मांडी आणि खोगीर यांच्या मधे नेमकी तीच सापडते. दुडक्या चालीत अर्धा तास काढला, की ती मांडीवर आपली सही करते आणि रात्री माणूस उभ्यानं जेवतो. म्हणून तर ब्रीचेसची आतली बाजू सपाट ठेवतात आणि गुडघ्याला आतून पकडीसाठी तुकडा लावतात. नवा मेंबर दिसला की अण्णा इथून सुरू होतात ते थेट जोधपूरला पोचतात. तिथले सर प्रतापसिंह १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाला विलायतेला गेले, पोलो खेळले, आणि त्यांच्या विजारी बघून साहेब लोक तशाच शिवून घ्यायला लागले. मांडीला फुगीर, गुडघ्याखाली पायाला चिकटून. तो फुगा काही शोभेचा नव्हता. ताणणारं कापड तेव्हा नव्हतंच, बसता-उठता मांडीला जागा मिळावी म्हणून तेवढं कापड सोडावं लागे. पुढे ताणणारी कापडं आली आणि फुगा गेला. "म्हणजे बघा," अण्णा समारोप करतात, "आपल्याच लोकांची विजार, आणि आपल्यालाच अडीच हजारांना!"

या अन्यायाचा वचपा काढायला त्यांनी एकदा ब्रीचेस शिवून घ्यायचं ठरवलं. पेठेतल्या शिंप्यांनी हात जोडले. शेवटी एक तयार झाला, तो वरातीच्या बँडवाल्यांचे गणवेश शिवणारा. कापड अण्णांनीच निवडलं. खाकी, जाड, 'दहा वर्षं मरण नाही' अशा जातीचं. विजार आली ती दोन्ही बाजूंनी लाल पट्टी आणि पट्टीवर सोनेरी दोर लावूनच. शिंप्याचं म्हणणं असं, की घोड्याजवळची विजार म्हटल्यावर पट्टी आलीच, आणि तिचे पैसे काही त्याने वेगळे लावलेले नाहीत. फुकट आलेली पट्टी उसवायचं अण्णांच्या जिवावर आलं. पुढे कित्येक रविवार ते रिंगणात शिरले, की आमचे घोडदळातून निवृत्त झालेले उस्ताद नकळत सावधान उभे राहत.

त्या विजारीच्या गुडघ्यांना अण्णांनी जुन्या सोफ्याचं रेक्झिन लावून घेतलं होतं. रेक्झिन खोगिराच्या कातड्यावर घासलं की वाजतं. घोडा दुडकायला लागला की चूं-चूं-चूं सुरू, आणि रिंगणातल्या तमाम घोड्यांचे कान मागे. उस्तादांचा जन्म 'एडी नीचे, नजर सामने' ओरडण्यात गेलेला. ते सोडून ते जेव्हा "अण्णाजी, पहले वो चूहा निकालो" असं ओरडायला लागले, तेव्हा कुठे रेक्झिन निघालं. पट्टी राहिली.

दुसरी हकीगत तुळशीबागेतली. रेसचे जॉकी विजारीखाली बायकांचे लांब नायलॉनचे मोजे घालतात, त्यामुळे कातडी सोलवटत नाही, असं अण्णांना कुणीतरी सांगितलं. गोष्ट खरी आहे, घालतात. शिवाय वस्तू स्वस्त. अण्णा तडक तुळशीबागेत. ऐन संध्याकाळी, गर्दीच्या वेळी. मी सोबत होतो आणि शेजारच्या बांगड्यांच्या दुकानात एकाएकी मला फार रस वाटू लागला होता.

"वहिनींची उंची किती?" दुकानदाराने विचारलं.

"वहिनींची कशाला? माझीच बघा की. पाच फूट सात."

दुकानात शांतता पसरली. दोन कॉलेजच्या मुली एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून थरथरायला लागल्या. अण्णांना त्याचं काहीच नाही. त्यांनी मोजा उलटा केला, शिवण शोधली, आणि सवयीने एक हिसका दिला. नायलॉनचा मोजा काय तो, वरपासून खालपर्यंत उसवत गेला. त्या जोडीचे पैसे भरावे लागले, पुढच्या जोडीचे वेगळे. मोजे उत्तम चालले हे खरं. पण आजही तुळशीबागेचा विषय निघाला की अण्णा पाणी प्यायला आत जातात.

हातमोज्यांचा शोध मात्र निर्विवाद त्यांचा. घोडेस्वारीचे म्हणून जे मोजे मिळतात, त्यातल्या एका जातीच्या तळव्याला रबराचे बारीक ठिपके असतात, लगाम घामाने निसटू नये म्हणून. तसेच ठिपकेवाले सुती मोजे बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात, कारखान्यातल्या कामगारांसाठी, अगदीच किरकोळ किमतीला मिळतात हे अण्णांना नोकरीपासून ठाऊक. आता निम्मा क्लब ते घालतो. त्यांचा रंग कुणालाच शोभत नाही, पण लगाम निसटत नाही.

बुटांच्या बाबतीत त्यांचा नियम एकच. टाच हवी, तळ गुळगुळीत हवा. टाच नसली की पाऊल रिकिबीतून पुढे सरकतं, आणि माणूस पडला की पाय तिथंच अडकून राहतो. मग घोडा पुढे आणि आपण मागून फरफटत. स्पोर्ट शूज घालून आलेल्या माणसाला अण्णा घोड्यावरून खाली उतरवतात, मग तो कुणीही असो. एकदा क्लबाच्या मालकाच्या मेव्हण्याला उतरवला होता. त्यांचे स्वतःचे बूट जुन्या बाजारातले, लष्करी घडणीचे, घोट्यापर्यंतचे. तळवे तीनदा बदललेले, टाचांची मोजदाद मोच्याकडे. वर पोटरीला चामड्याच्या चॅप्स. चॅप्सची चेन ही अण्णांची जन्माची वैरीण. तिच्यात रिंगणातली माती जाते, दात अडकतात, आणि एके दिवशी ती मधेच तोंड वासून उघडते. अण्णा दर शनिवारी रात्री चेनीवर मेणबत्ती घासत बसतात. गणपतीत आरतीच्या ताटाजवळ मेणबत्ती दिसली नाही, तर काकू सरळ ट्रंक उघडतात.

सगळा हिशेब एका जुन्या डायरीत. वस्तू, किंमत, आणि त्यापुढे दर रपेटीला एक रेघ. ब्रीचेस अडीच हजारांची, रेघा दोनशे, म्हणजे रपेटीला साडेबारा रुपये. "रिक्षावाला मीटर टाकतानाच याच्या दुप्पट घेतो," ते डायरी मिटत म्हणतात. वस्तू किती टिकली हे त्यांना किती महाग होती यापेक्षा महत्त्वाचं. डेकॅथलॉनमधून घेतलेल्या एका साध्या विजारीचं ते अजून कौतुक करतात, कारण तिच्या रेघांना पान पुरलेलं नाही. आणि कुणीतरी भेट दिलेली विलायती टोपीवजा वस्तू, जिच्यावर एकही रेघ नाही, तिच्यापुढे त्यांनी 'देव्हारा' असं लिहून ठेवलंय.

हे सगळं ऐकून माणूस कंजूष आहे असं वाटेल. मलाही ते म्हणायला आवडेल, कारण चहाचे पैसे काढताना अण्णांचा हात खिशात जो वेळ घेतो त्या वेळात घोड्याला खरारा होतो. पण काही वस्तूंपाशी आली की अण्णांची काटकसर देवळाबाहेर चपला काढाव्यात तशी बाहेर राहते. रिकिबीचा पट्टा, पोटाखालचा तंग, घोड्याच्या पाठीवर खोगिराखाली घालायचा नमदा, आणि हेल्मेट. इथे ते भाव विचारत नाहीत. विचारतात ते इतकंच: टिकेल का, आणि काचेल का?

पट्टे आणि तंग ते कानपूरहून मागवतात. खोगीर-लगामाचा धंदा तिथे इंग्रजांच्या काळात लष्करासाठी वाढला. आज तिथला माल जर्मनी, इंग्लंड, अमेरिकेला जातो, आणि कानपूर सॅडलरीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. तोच माल तिकडचं लेबल लावून आपल्याकडे परत येतो असा अण्णांचा जुना संशय आहे, त्यामुळे ते थेट कानपूरला फोन लावतात. हा फोन ऐकण्यासारखा असतो.

"चमडा भैंस का है ना? और बकल सच्चा पीतल का है, के नुसता उसके ऊपर पाणी चढाया है?"

पलीकडून काहीतरी.

"वो ठीक है. लेकिन शिवण... शिवण समझता है ना? सिलाई! एक इंच में कितना टाका है? मोजके बोलो. हम थांबता है."

आणि कानपूरचा माणूस खरंच टाके मोजून सांगतो. आता तर तो अण्णांचा फोन आला की पट्टी जवळ घेऊनच बसतो म्हणे.

आपण घोड्यावर डावीकडून चढतो, त्यामुळे डावा पट्टा हळूहळू ताणून लांब होतो. अण्णा दर महिन्याला डावा पट्टा उजवीकडे आणि उजवा डावीकडे करतात. स्वतःचे तर करतातच, क्लबाचेही करतात, कुणी न सांगता. पावसाळ्यात कातड्यावर बुरा चढतो, तेव्हा ग्लिसरीनची साबणवडी आणि ओलं फडकं घेऊन ते तबेल्यात स्टूल टाकून बसतात. सईस लोक तेलाचा डबा कातड्यावर ओततात, ते बघून त्यांचा जीव तुटतो. तेल जास्त झालं की कातडं मऊसूत दिसतं, पण आतला दोरा कुजतो. "शिवण बघा, शिवण!" सईसांना हे वाक्य इतकं पाठ झालंय, की लांबून अण्णा दिसले की तेच आधी म्हणतात.

हेल्मेटचा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिलाय. श्रावणातली सकाळ, झिमझिम पाऊस. अण्णांच्या अंगात रस्त्यावरून घेतलेला पिवळा प्लॅस्टिकचा रेनकोट, 'इतक्या पैशात छत्री येत नाही' असा. उस्तादांनी दोनदा सांगितलं होतं की घोड्याजवळ फडफडणारं काही नको. मग अण्णांनी कोटाच्या टोकांना सायकलच्या ट्यूबचे रबर बांधले. रबर सुटलं, कोट फडफडला, खालची घोडी आयुष्यभर प्लॅस्टिकच्या पिशव्यांना भ्यायलेली. तिने एक उडी डावीकडे मारली, अण्णा उजवीकडे राहिले. डोकं कुंपणाच्या बल्लीवर टण्णकन आपटलं.

आम्ही धावलो. अण्णा उठून बसले, नाव-गाव-वार बरोबर सांगितलं, घोडीला काही लागलं नाही ना ते विचारलं. मग हेल्मेट काढून हातात घेतलं. वर ओरखडासुद्धा नव्हता. मी म्हटलं, "वाचलं बुवा हेल्मेट." अण्णांनी सईसाकडून सुरी मागून घेतली आणि हेल्मेटचे पट्टे कापून टाकले. दोन्ही. जो माणूस फुटक्या बादलीची मूठ जपून ठेवतो, त्याने चार महिन्यांपूर्वी कौतुकाने घेतलेली, दिसायला धडधाकट वस्तू आमच्यासमोर निकालात काढली. हेल्मेटच्या आत थर्मोकोलच्याच जातीचा एक थर असतो, तो धक्का खातो आणि दबतो. एकदाच. पुन्हा फुगत नाही, आणि दबलाय हे बाहेरून कळतही नाही. पट्टे का कापले, तर उद्या कुणी पोरगं 'चांगलंच आहे की' म्हणून डोक्यावर चढवू नये. टाकून मात्र दिलं नाही बरं का. त्यात काकूंनी पुदिना लावलाय. झकास आलाय.

नवे लोक येतात, क्लबात पाऊल टाकायच्या आधीच सगळी खरेदी करून येतात. मागे एक तरुण आला होता. पांढरीशुभ्र ब्रीचेस, गुडघ्यापर्यंत चकचकीत बूट, हातात चाबूक. अण्णा त्याच्याकडे बराच वेळ दुःखाने बघत होते. "पांढरी!" एवढंच पुटपुटले. मग जाऊन त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं घातली, हेल्मेटचा पट्टा एक घर आवळला आणि पिशवीतून ठिपकेवाले मोजे काढून त्याला दिले. पोरगा थँक्यू म्हणाला. अण्णा म्हणाले, "चाळीस रुपये."

डिसेंबरात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. घोड्यांचा केवढा तरी बाजार. लोक लाखालाखांच्या घोड्यांभोवती गर्दी करतात, मारवाडी घोड्यांचे आत वळलेले कान बघतात, नाच बघतात. अण्णा दोन दिवस लगाम आणि खोगिरांच्या पालांपुढेच उभे होते. एका म्हाताऱ्या राजस्थानी दुकानदाराची निम्मी म्होरकी-बागडोर उलटी करून झाल्यावर त्याने विचारलं, "घोडा कौनसा है आपका?" अण्णा म्हणाले, "नहीं है." दुकानदाराने एकदा अण्णांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि दोघांना चहा सांगितला. माझ्या माहितीत अण्णांना बाजारात फुकट मिळालेला तो एकमेव चहा.

माथेरानची गोष्ट सांगायची नाही असं अण्णांनी बजावलंय, तेव्हा ती सांगतो.

माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारी जात नाहीत. पुढे बरेच जण पायी जातात, नाही तर घोड्यावर. रोज घोड्यावर पोट असलेली माणसं तिथली, रविवारी तासभर बसणारे आम्ही त्यांच्यापुढे काय! अण्णा उतरले ते संपूर्ण सरंजामानिशी. लाल पट्टीची विजार, चॅप्स, हेल्मेट, खांद्यावर नमद्याची पिशवी. एका घोडेवाल्या पोराने अदबीने विचारलं, "काका, शूटिंग आहे का?" अण्णांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, कारण हाफ पँट आणि सपाता घालून घोड्यावर चढणारं एक कुटुंब त्यांना दिसलं होतं. तिकडे मांडी, शिवण आणि टाच यांवर दहा मिनिटं गेली. कुटुंब घाबरून पायी निघालं. घोडेवाल्याचं भाडं बुडालं.

पोरगं चिडलं, आणि त्याचं चुकलं नाही. मी मधे पडणार तोच अण्णा म्हणाले, "तुझं भाडं मी देतो. बसत नाही, पण देतो. आधी ते खोगीर उतरव." भाड्याचे पैसे खरंच निघाले, घासाघीस न करता निघाले, म्हणून मी गप्प राहिलो. खोगिराखाली गोणपाटाची घडी होती, तिला मधोमध एक गाठ. अण्णांनी तळवा घोड्याच्या पाठीवरून, मणक्याच्या कडेने, हळूच फिरवला. एका जागी घोड्याचं कातडं थरथरलं.

"इथे बोट ठेव," ते पोराला म्हणाले. "कळलं? त्याला किंमत वाचता येत नाही रे. काचलेलं मात्र कळतं."

"काका, रोजचं काम आहे. नवा कुठून आणू?"

अण्णा काही बोलले नाहीत. परतीच्या गाडीत मी पाहिलं तर खांद्यावरची पिशवी रिकामी. मी विचारलं नाही. घरी पोचलो, तर काकूंनी पिशवी हातात घेतली, झटकली, आत डोकावून बघितलं.

"नमदा कुठाय?"

"राहिला वाटतं तिथेच. विसरलो."

ट्यूबचं रबरसुद्धा कधी न विसरलेल्या माणसाकडे काकू क्षणभर बघत राहिल्या. "असू दे. कानपूरला फोन करून दुसरा मागवा."

"केला मगाशी स्टेशनवरून," अण्णा बूट काढत म्हणाले. "सहा सांगितलेत. एकाला पार्सलचं भाडं पडतं, सहांवर माफ आहे."